चार रेघा

एदुविहिसचा उजवा हात हल्ली ऐकेनासा झालाय.
एकतीस वर्षं अंकुदच्या तारघरात
कडकट्ट, कडकट्ट.
बोट बुडाली, मुलगी झाली,
मेंढ्या पोचल्या पैसे पाठवा,
बेटावरचं सगळं त्या एका मनगटातून गेलं.
आता मनगट मागची थकबाकी मागतंय.

टिंबं निघतात, पण एकमेकांना ढकलत.
रेघ सुरू होते आणि मधेच मोडते.
त्यात आमच्या भाषेत 'च'ला चार रेघा.
चिलोए म्हणायचं तर आधी चार रेघा.
नोचे म्हणजे रात्र, लेचे म्हणजे दूध,
जिथेतिथे हा च मधे पाय पसरून बसलेला.
चौथ्या रेघेला तिचा दंड भरून येतो.

तिनं तक्रार केली नाही.
फक्त रोज रात्री नोलबेर्तोशी बोलताना
'रात्र झाली' ऐवजी 'अंधारलं' पाठवायला लागली.
दूध नासलं, तर नासलं ते गाईचं पांढरं.
फळीच्या भिंतीपलीकडून मी ऐकत होतो.
तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं,
बहीण शब्द टाळतेय.

मी बोटींचे रेडिओ दुरुस्त करतो.
माझ्याकडे भंगाराला तोटा नाही.
करवतीच्या पात्याचे दोन तुकडे उभे केले,
एक अंगठ्याला, एक तर्जनीला,
आता खाली दाबायचं नाही, नुसतं बाजूला ढकलायचं.
खाली वजन म्हणून आईची कोळशाची इस्त्री.
शिंपल्यांच्या मांसाचा रिकामा डबा,
त्यात दोन ट्रान्झिस्टर, एक रिले,
आणि एक कंडेन्सर, जो भरतो आणि रिता होतो,
भरतो आणि रिता होतो,
तेवढंच त्याचं काळाचं ज्ञान.
टिंबाला एक माप, रेघेला तीन,
मधल्या शांततेला पुन्हा एक.
इथल्या खाऱ्या हवेत डाग हिरवे पडतात,
म्हणून प्रत्येक सांध्याला मेण लावलं.

ती म्हणाली, "मला कुबडी नको."
मी म्हटलं, "इस्त्री तुझीच आहे, ठेवून घे."

पहिल्या रात्री तिनं तर्जनी टेकवली
आणि रेघा यायला लागल्या,
एकसारख्या, कापून काढल्यासारख्या,
एक दोन तीन चार
पाच.
पाचवी पडली की 'च'चा शून्य होतो.
शून्यिलोए, तिनं पाठवलं.
पुन्हा शून्यिलोए.
मग तिनं डब्याला जी शिवी दिली
ती तारघरात कुणी ऐकली नसेल.
मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेलो. यंत्रात खोट नव्हती.
जन्मभर जोर लावायची सवय,
आता वेळेवर सोडून द्यायचं होतं,
आणि ते काही माझ्या डब्यात बसत नव्हतं.

दक्षिणेकडून नोलबेर्तोनं विचारलं,
"कोण बोलतंय? फार नीट हात आहे.
एदुविहिसला बोलवा."
ती कितीतरी वेळ गप्प बसली.
चुलीत लाकूड खचलं.
मग तिनं उत्तर दिलं: "ती गाई बघायला गेलीय."

आठवडाभर रोज त्यानं तिची चौकशी केली
आणि रोज तिनं थाप मारली,
नीट, मोजूनमापून, एकेका मापाची थाप.
मला मजा वाटत होती. मग वाटेनाशी झाली.

काल भिंतीपलीकडे: रेघा, चार.
थांबली.
मग एक टिंब. नोचे.
मी ताटावरून हात उचलला.
"अजून फार उशीर झाला नाही," तिनं पाठवलं,
आणि 'फार'च्या आधी,
सवयीनं, एक लांब श्वास घेतला,
जो यंत्रानं मोजलेला नव्हता,
कारण शब्दांमधली जागा मी तिच्याकडेच सोडली होती.

बराच वेळ नुसती खरखर.
मग नोलबेर्तोचं जडशीळ जुनं बोट, दाबून, सावकाश:
"गाई सापडल्या का?"